समुद्रातला डोंगर

पृथ्वीचे गोल बनवणाऱ्या त्या लहानशा कारखान्यात सगळे त्यांना कशालाकाका म्हणत. तोंडावर नुसतं काका, पाठीमागे पूर्ण नाव. खिडकी उघडू का? कशाला, धूळ येईल. खळ जरा पातळ करू का? कशाला, काय फरक पडतो? त्यांची सून समोरच्याच बाकावर काम करायची. ती म्हणे, "आमच्याकडे गजरसुद्धा घाबरत वाजतो, कशाला वाजलास म्हणून विचारतील!" माणूस वाईट नव्हता. हात तर असा, की ओला कागद त्यांच्या बोटांखाली मुकाट्याने निजायचा. जीभ तेवढी कडू.

दुपारी ती खोली पाहावी. छताच्या दोऱ्यांना लटकलेले गोल वाळत असायचे, वारा आला की हळूच फिरायचे, आणि खिडकीतलं ऊन एकेका खंडावरून उतरत जायचं. तिथे घटकाभर बसलं की डोळ्यांवर पेंग यायची, आणि आपण जागे आहोत की कुठे तरंगतोय तेच कळायचं नाही. काकांनाही तसं व्हायचं, पण कबूल करतील तर शपथ.

नकाशा बारा पट्ट्यांत छापलेला असे. दोन्ही टोकांना निमुळत्या अशा त्या पट्ट्या भिजवायच्या आणि एकीला एक लावत गोल पुरा करायचा. पण भिजलेला कागद ताणला जातो. प्रत्येक पट्टी केसभर जास्त जागा खाते, आणि बाराव्या पट्टीला जागाच पुरत नाही. मग ती पहिलीवर चढवायची. हा जोड नेहमी सगळ्यात रिकाम्या समुद्रात यायचा. "समुद्राकडे बघतं कोण?" असं जुने उस्ताद म्हणत. तरुणपणी काकांनी एकदा धीर करून सुचवलं होतं, की चौघांनी चारी बाजूंनी एकदम लावलं तर हा फरक चार ठिकाणी वाटला जाईल. तेवढा ओला कागद अंगठ्याने आत दाबता येईल. उस्ताद पोट धरून हसले होते, सगळ्यांदेखत. त्यानंतर काकांनी कधी काही सुचवलं नाही. उलट दुसऱ्या कोणी सुचवलं, की तसंच हसायला ते शिकले.

अंध मुलांच्या शाळेतल्या बाई आल्या, तेव्हा त्या हसण्याला तीस वर्षं उलटली होती. बाईंना स्वतःलाही दिसत नव्हतं. त्यांना दहा गोल हवे होते: डोंगर लगद्याचे, किनारे दोऱ्याचे, समुद्र गुळगुळीत. कारखान्याच्या मालकीणबाईंनी तसा करून ठेवलेला नमुन्याचा गोल त्यांच्या हातात दिला. बाईंची बोटं किनाऱ्यावरून चालली, डोंगर चढली, उतरली, समुद्रात शिरली आणि थांबली.

"हा कोणता डोंगर? एवढा लांब?"

तिथेच काम करणाऱ्या दोघी बहिणी, धाकटी आणि थोरली, खळीच्या वाडग्यात बघत बसल्या.

"डोंगर नाही तो, कागदाचा जोड आहे," मालकीणबाई म्हणाल्या. "तेवढं चालतंच."

"असू द्या मग," बाई हसून म्हणाल्या. "मुलांना सांगेन, इथे काही नाही असं समजा. सवय आहे हो त्यांना. असंच मिळतं सगळं."

चालतंच, असू द्या, असंच असतं. ही तर काकांची रोजची बोली. पण दुसऱ्याच्या तोंडून ती ऐकताना त्यांचे कान गरम झाले. लाज वाटली त्यांना, अगदी खरीखुरी.

जेवणाच्या सुट्टीत ते एकटेच मागे राहिले. नमुना मांडीवर घेतला, डोळे मिटले आणि समुद्रावर बोट ठेवलं. हळूहळू खोली विरघळली. ते उघड्या पावलांनी पाण्यावरून चालत होते, भोवती निळं, थंड, आवाज नसलेलं. किती चालले कोण जाणे. मग समोर भिंत आली. उजवीकडे गेले, भिंत. डावीकडे गेले, भिंतच. ती त्यांनी स्वतःच्या हाताने बांधली होती.

सगळ्याजणी परतल्या तेव्हा काकांनी नव्या पट्ट्या पाण्यात सोडल्या होत्या. "आज चौघांनी मिळून लावायचं. चार बाजूंनी, एकदम."

सुनेच्या तोंडून निसटलंच, "कशाला?"

धाकटीने तोंडावर पदर घेतला, थोरलीला ठसका लागला. काकाही हसले. "त्या पोरांना समुद्र मिळायला हवा म्हणून," ते म्हणाले. "मला हे फार पूर्वीच सुचलं होतं, सूनबाई. हट्ट धरायला हवा होता, तो धरला नाही."

पहिला गोल फसला. एका बाजूला कागदाची ठसठशीत घडी पडली. बहिणी एकमेकींकडे बघू लागल्या. आता काका काय बोलणार ते दोघींना पाठ होतं. काकांनी अंगठा फिरवून पाहिला. "तुमच्या तिघींच्या बाजू साफ आल्यात. घडी माझ्या बाजूला आहे. मीच मागे राहिलो. पुन्हा भिजवा." थोरलीने त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू बाकच बोलला. मग पदर खोचून ती पाणी आणायला उठली.

दुसराही बिघडला. तिसऱ्याच्या वेळी काका आकडे म्हणू लागले, आणि चौघांचे हात त्या तालावर चालले. कोणी कोणाच्या पुढे जाईना, मागे राहीना.

आठवड्याने बाई आल्या. लगदा वाळला होता, दोरे बसले होते, समुद्रावर रोगण चढलं होतं. काकांनी गोल त्यांच्या हातात दिला आणि पहिल्यांदाच नोकरीला लागल्यासारखे उभे राहिले. बोट किनाऱ्यावरून निघालं, समुद्रात उतरलं आणि सरळ पुढे गेलं. खूप वेळ जात राहिलं. पलीकडच्या किनाऱ्याला टेकल्यावर बाईंनी ते उचललं आणि पुन्हा अलीकडून सुरुवात केली.

"इतका मोठा असतो?" त्या अगदी हळू म्हणाल्या. "मला कुणी सांगितलंच नव्हतं."

सूनबाई डोळे पुसू लागली. काकांचेही भरले होते, पण त्यांनी बाह्या वर सारल्या.

"चला गं," ते म्हणाले, "अजून नऊ समुद्र व्हायचेत."