शेजाऱ्यांचा भूत मिरचीचा सॉस

पोलादपुरात आमच्या शेजारी राहणारे गृहस्थ रंगाच्या रिकाम्या डब्यांत भूत मिरची लावतात आणि तिचा सॉस करतात. त्याची एवढीशी बाटली कायम त्यांच्या खिशात असते. समोरच्याच्या ताटात काडीच्या टोकाने थेंब ठेवत ते बजावतात, "टेकवायचा रे, माखायचा नाय!" पोह्यातली मिरचीसुद्धा वेचून काढणारी माझी बायको त्या थेंबासाठी भाकरी पुढे करते. माझ्या कुठल्याही गोष्टीसाठी तिने असा हात पुढे केल्याचं मला आठवत नाही.

म्हणून परवा मीही सॉस करायला घेतला. उघड्या हातांनी मिरच्या चिरल्या आणि त्याच हातांनी कपाळाचा घाम पुसला. माझी बोंब ऐकून नेमके तेच धावत आले. "पाणी नको वहिनी, गोडंतेल आणा!" म्हणत त्यांनी माझं कपाळ स्वतः चोळलं. मग माझा सॉस चाखला. क्षणभर त्यांचा जबडा हलेना, पण मान डोलावून म्हणाले, "झ्याक! माझ्यापेक्षा भारी हाय."

मी ऐटीत बायकोकडे पाहिलं. तिनेही बोटावर घेऊन चाखला, मोरीत जाऊन थुंकला आणि परत येऊन भरल्या डोळ्यांनी त्यांना म्हणाली, "भावजी, तुमचं मन फार मोठं आहे हो."