वारं नव्हतं ते

"पेशंट बाळ नाहीये, तुम्ही आहात," बाळाच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, आणि मी मागे वळून बघितलं. वाटलं, दुसऱ्याच कुणाशी बोलतायत.

मी बाळंतपणाला डोंबिवलीला माहेरी आलेले. डिलिव्हरी नॉर्मल झाली. आठवड्याने आईला घेऊन लेकाला दाखवायला गेले, कावीळ तर नाही ना म्हणून. तो ठणठणीत होता. उठता उठता मी सहज म्हटलं, "मॅडम, मला तुमचा अर्धाच चेहरा दिसतोय." त्यांनी शेजारच्या दवाखान्यातून बीपीचं मशीन मागवलं. वरचा आकडा एकशे ऐंशीच्या पुढे.

डोकं तर घरी आल्यापासून ठणकत होतं. आई म्हणाली, "वारं लागलंय, कान बांध." बांधले. ओव्या-शेपाची धुरीही घेतली. सासरहून, बाळकुमहून सासूबाईंचा फोन, पंखा बंद ठेवा. उकाड्याने जीव नकोसा झालेला. नऊ महिने बीपी नीट होतं, त्यामुळे तशी शंका मलाही आली नाही.

आजाराचं नाव पोस्टपार्टम प्रीएक्लॅम्प्सिया, म्हणजे बाळंतपणानंतर बीपी भडकणं. वेळीच उतरलं नाही तर झटके येतात, जीवही जातो. मी समजत होते, बाळ झालं, सुटले. कसलं काय!

ठाण्याच्या हॉस्पिटलात नेताना ॲम्ब्युलन्समध्येच मला झटका आला. मला काहीच आठवत नाही. आईला आठवतं, पण ती सांगत नाही.

आयसीयूत मॅग्नेशियम सल्फेट चालू केलं. झटके रोखणारं औषध, पण अंगातून उकळतं पाणी फिरल्यासारखं वाटतं. बाळ घरी, छाती दुधाने दगड झालेली. डॉक्टर बोटं दाखवून विचारायचे, "किती?" मला धूसर दिसायचं. अरे, लेकाचं तोंड अजून डोळे भरून बघितलं नव्हतं मी! आता दिसणारच नाही की काय? मग एका सकाळी समोरच्या पाटीवरची अक्षरं लागली. मी ढसाढसा रडले.

बायांनो, बाळंतपणानंतर डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले, बरगडीखाली दुखलं, तर आधी बीपी मोजा. कान नंतर बांधा. आणि मोजा म्हणून भांडायला लागलं तर भांडा.

परवा खालच्या मजल्यावरची सून बाळंत होऊन आली. आई बघून आली. मी विचारलं, "कुणासारखं आहे गं बाळ?"

"बाळाकडे कुठे बघितलं मी," आई म्हणाली. "तिचं बीपी मोजायला लावलं आणि आले."