माझ्या कुत्र्याचा अन्नत्याग

‘धन्याच्या विरहात त्या मुक्या जिवाने अन्नाचा कणही घेतला नाही. समोर भाकऱ्यांचा ढीग पडलेला असताना तो गेटकडे डोळे लावून बसला आणि वाट पाहता पाहता त्याने तिथेच देह ठेवला. अशी निष्ठा आज माणसांत तरी उरली आहे काय?’

लातुरातल्या आमच्या भागातील ज्येष्ठ नागरिकांच्या मंडळाने स्मरणिकेसाठी सिद्ध केलेला हा मजकूर. लेखक मंडळाचे अध्यक्ष, निवृत्त मुख्याध्यापक. सोबत कुत्र्याचे छायाचित्र आणि खाली माझ्या सहीसाठी सोडलेली जागा. मी सही केली नाही. मी आजारपणाने चिडका झालो आहे, असे त्याचे स्पष्टीकरण गल्लीत दिले जाते. चिडका मी आजारपणाच्या आधीही होतो. सही न करण्याचे कारण वेगळे आहे.

मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होतो. चाकूर, अहमदपूर, शिरूर अनंतपाळ या तालुक्यांतले बांध मोजण्यात माझी नोकरी गेली. बांधावर दोन सख्खे भाऊ उभे असत, दोघेही आईची शपथ घेत, दोघांच्याही डोळ्यांत पाणी असे. मी शपथा ऐकून घेई आणि हद्दीचा दगड शोधायला लागे. दगड सापडला की वाद संपे. मने जुळत नसत, पण तो माझ्या खात्याचा विषय नव्हता. कुत्र्याच्या मरणाबाबतही मी तेवढेच केले.

आधी दुसरी एक गैरसमजूत दूर करतो. पत्नी गेल्यावर एकटेपणा घालवायला मी कुत्रा पाळला, असे माझी मुलगी नांदेडच्या आपल्या शेजारणींना सांगते. कुत्रा मी पाळलाच नव्हता. तो पत्नीचा. कुठल्याशा पावसाळ्यात ते पिल्लू तिच्या मागे मागे भाजीबाजारातून आले. मी तिला बजावले होते, “त्याला घरात घेतलंस तर मी बाहेर झोपेन.”

“झोपा की,” ती म्हणाली होती. “तो निदान झोपेत घोरत तरी न्हाई.”

ती गेली तेव्हा तो सहा-सात वर्षांचा असेल. तिच्या पश्चात मी त्याला वेळेवर खायला घातले. एखाद्याने ठेवायला दिलेली वस्तू जपावी तसे. कित्येक महिने मी त्याच्याशी एक शब्द बोललो नाही. मग एका दुपारी वर्तमानपत्रात क्षेत्रफळाचा एक आकडा चुकीचा छापलेला दिसला, मी संतापून तो मोठ्याने दुरुस्त केला आणि कुत्र्याने मान वर केली. त्या दिवसापासून मी वर्तमानपत्र मोठ्याने वाचू लागलो. याला कोणी एकटेपणा म्हणत असेल तर खुशाल म्हणो. माझ्या घरात उच्चारलेला शब्द ऐकणारे तेवढे दोनच कान होते, ही वस्तुस्थिती मी नाकारत नाही.

गल्लीशी माझे संबंध चांगले नव्हते. शेवग्याच्या झाडावरून भांडण झाले तेव्हा मी कंपाउंडच्या भिंतीवर काचा बसवून घेतल्या. पुढे पाण्यावरून झाले. आमच्याकडे नळाला आठवड्यातून एकदा पाणी येते. उन्हाळ्यात आठवड्याचे दहा-बारा दिवस होतात. समोरच्या घरातील बाईने एकदा माझ्या हौदाचे जड झाकण सरकवून न विचारता दोन घागरी नेल्या. मी चारचौघांत तिला बोललो. तेव्हापासून तिने माझ्याकडे पाणी मागितले नाही, आणि कुणाकडेच न मागणाऱ्या मला तिच्याकडे मागण्याचा प्रश्नच नव्हता. येथे शेजारी न बोलावता भाकरी आणून देतो, पण पाणी कुणी कुणाला मागत नाही आणि देऊही करत नाही. मागणाऱ्याला लाज आणि नाही म्हणणाऱ्याला त्याहून मोठी. हा अलिखित नियम आम्ही सगळे पाळतो.

ऐन मे महिन्यात, सकाळी दहाच्या सुमारास, माझ्या छातीत दुखू लागले. मी स्वतः रिक्षा बोलावली. कुत्र्याच्या परातीत पाणी ओतले, संध्याकाळपर्यंत पुरेल इतके, कारण संध्याकाळी परत येणार याविषयी मला शंका नव्हती. गेटला कुलूप घातले. समोरची बाई भांडण विसरून धावत आली.

“काका, किल्ली द्या माझ्यापाशी. कुत्र्याला बघते मी.”

मी रिक्षातून म्हणालो, “माझ्या गेटाला कुणी हात लावायचा नाही.”

हे माझे शब्द. स्मरणिकेत ते नाहीत.

दवाखान्यातून मला त्याच दिवशी नांदेडला हलवले, कारण मुलगी तिथे असते. किल्ली पँटच्या खिशात होती, पँट दवाखान्याने प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मुलीच्या हाती दिली, आणि पिशवी तिच्या घरी कपाटात गेली. चार दिवस मी अतिदक्षता विभागात होतो. शुद्ध होती. मुलगी आत आली की मी विचारी, “कुत्र्यानं खाल्लं का?”

“खाल्लं, बाबा. समोरच्या काकू रोज भाकरी टाकतात गेटावरून. तुम्ही पडून राहा बरं.”

पाचव्या दिवशीही मी तेच विचारले. तिने तेच उत्तर दिले, पण खिडकीकडे बघून. समोरच्या बाईने तिला फोनवर सांगितले होते की कुत्रा आता खात नाही, तुमच्या वडिलांसाठी झुरतो आहे. आजारी माणसाला हे कशाला सांगायचे, असे मुलीला वाटले. मी तिला दोष देत नाही. आमच्या भागात माणूस भेटला की आपण ‘जेवलात का’ असे विचारतो. कुणाच्याही काळजीची सुरुवात तिथूनच होते आणि पुष्कळदा शेवटही. मी रोज विचारले, खाल्ले का. प्यायला का, हे मी एकदाही विचारले नाही. समोरच्या बाईला सुचले नाही, मुलीला सुचले नाही, आणि ज्याने परातीत संध्याकाळपुरते पाणी मोजून ओतले होते त्यालाही सुचले नाही.

मला घरी आणले तेव्हा गेटाचे कुलूप तसेच होते आणि कुत्रा नव्हता. मुलीने रिक्षातच सांगितले. ओट्यासमोर भाकऱ्या पडल्या होत्या, वाळून पापडासारख्या झालेल्या. समोरची बाई डोळ्याला पदर लावून आली.

“काका, एक दिस खाडा न्हाई केला म्या. पहिले दोन दिस खाल्ल्या त्यानं. मग तोंडच लावंना. लई जीव होता त्याचा तुमच्यावर.”

ती खोटे बोलत नव्हती. पाच दिवस तिने स्वतःच्या घासातली भाकरी भिंतीपलीकडे टाकली आणि माझा शब्द पाळून गेटाला हात लावला नाही. काचांवरून घागर आत उतरवता येत नाही, हेही खरे.

संध्याकाळी अध्यक्ष आले. त्यांनी मोबाइलवर छायाचित्र दाखवले. गेटाच्या गजांतून काढलेले. कुत्रा गेटाशी पडलेला, तोंड रस्त्याकडे. मंडळाच्या ग्रुपवर शंभरेक जणांनी हात जोडले होते.

“सर, पहिले दोन दिवस तो जेवला आहे,” मी म्हणालो. “दुःख पहिल्या दिवशी होते. तिसऱ्या दिवशी सुरू होणारे दुःख मी पाहिलेले नाही.”

“पहिले दोन दिवस त्याला आशा होती, साहेब,” मुख्याध्यापक म्हणाले.

या माणसाने आयुष्यभर मुलांना निबंध शिकवले, हे त्या क्षणी मला समजले.

“कोरड्या घशाने भाकरी उतरत नाही, सर. तहानेने मेला तो,” मी म्हणालो. “तसे छापा.”

“तहानेनं मेला असं छापायचं? स्मरणिकेत? अहो, तुमचाच मान आहे यात. कुणाच्या कुत्र्यानं असं केलंय सांगा.”

अडचण नेमकी तीच होती. त्या मजकुरात समोरची बाई सुटते, माझी मुलगी सुटते, गल्ली सुटते. आणि सर्वांत स्वच्छ सुटतो तो मी. कुलूप, काचा, रिक्षातून दिलेला हुकूम, संध्याकाळपुरते पाणी, यांतले काहीच उरत नाही. उरतो तो ज्याच्यासाठी एका जिवाने प्राण सोडला असा भाग्यवान म्हातारा. मला हा मान फुकट मिळत होता आणि घरात तर कुणीच उरले नव्हते. कबूल करतो, एक रात्रभर तो मला हवासा वाटला.

सकाळी मी गल्लीच्या तोंडाशी असलेल्या शिलाईच्या दुकानात गेलो. दुकानदार माझ्याच वयाचा, तीन पिढ्यांपासून इथला. सहाव्या दिवशी वास सुटला तेव्हा काचांवर पोते टाकून भिंत ओलांडणारा गल्लीतला एकटा तोच, असे मला कळले होते. माझी आज्ञा त्याने मोडली होती. त्याच्या तळहाताला अजून पट्टी होती.

“बसा साहेब,” तो म्हणाला. “तब्येत बरी दिसून राहिली.”

“कुत्रा कुठे पडला होता?”

त्याने सुईत दोरा ओवण्याचे निमित्त केले. “गेटापाशी. फोटो पाहिला की तुम्ही.”

“फोटोच्या आधी कुठे होता?”

त्याने सुई खाली ठेवली. “मागं, साहेब. न्हाणीच्या बाजूला. गेटापाशी म्याच आणलं वढत. पालिकेच्या गाडीवाल्याला उचलायला सोपं जावं म्हणून. कुलूप तोडून मग बाहेर द्यायचं ठरलं, पर गजातून निघाला तो. निस्ती हाडं उरली होती.”

“आणि मग फोटो काढले.”

“हाव.”

“तेव्हा बोलला का नाहीस?”

“सगळे रडून राहिले होते, साहेब. मुख्याध्यापक तर बसूनच गेले खाली. त्यात मी काय सांगू, की वाट बघून नव्हता राहिला तो?” सुई पुन्हा उचलत तो म्हणाला, “तुम्हाला बी बरं वाटंल, असं वाटलं मला. तुमचं कोण हाय दुसरं?”

मी उठून घरी आलो. राग त्याच्यावर नव्हता.

मागच्या अंगणात, न्हाणीला लागून, कपडे धुण्याच्या दगडापाशी आमचा नळ आहे. मी नांदेडला असताना चौथ्या दिवशी गल्लीला पाणी आले होते. समोरच्या बाईने सांगितलेल्या हकिगतीत तो दिवस ओघात येऊन गेला होता. पाणी येण्याआधी या नळातून हवा शिट्टीसारखी वाजते आणि मग पाइप थरथरतो. पाणी आत, भिंतीच्या या बाजूपर्यंत, आलेले असते. तोटी फिरवली तर पडते. न फिरवली तर दोन तासांनी परत जाते. निघण्यापूर्वी तोटी मी बंद केली होती. पाणी वाया जाऊ नये म्हणून मी ती नेहमीच इतकी घट्ट आवळतो की पत्नीला फडके गुंडाळूनही ती उघडत नसे.

मुख्याध्यापकांना मी अंगणात बोलावले आहे. ते अजून आलेले नाहीत. यावेत, वाकून पाहावे, आणि मग काय छापायचे ते छापावे. तोटी प्लॅस्टिकची आहे, आणि तिच्यावर चारही बाजूंनी दातांचे खोल व्रण आहेत.