बेचाळीस महिन्यांचा हिशेब

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पाळकांना नाही. प्रार्थनेतसुद्धा मी या गोष्टीचं नाव घेत नाही — "माझे सगळे अपराध क्षमा कर" असं म्हणून एकत्र टाकून देतो. आकडे मांडून पोट भरणाऱ्या माणसाने सगळं एकाच बेरजेत दडवावं, हे तुम्हाला पटतं का? मलाही पटत नाही.

आधी साल आणि जागा सांगतो, ते मला सोपं जातं. सन १९४२, जानेवारीतला एक रविवार. दहिवलीत सारूबाईंच्या ओसरीवर आमची उपासना होती. आम्हा चार ख्रिस्ती घरांना जवळपास चर्च नव्हतं, म्हणून तिथे जमत असू. हजर माणसं अकरा. मी भिसेगावात राहतो, स्टेशनच्या मालधक्क्यावर कारकून आहे. वाचायला येतं, म्हणून शास्त्र वाचून समजावण्याचं काम माझ्याकडे. त्या दिवशी मी बायबलातल्या शेवटच्या पुस्तकाचा, प्रकटीकरणाचा, तेरावा अध्याय काढला. समुद्रातून वर येणारं ते श्वापद — सात डोकी, दहा शिंगं — आणि त्याला बेचाळीस महिने मिळालेला अधिकार.

मी म्हणालो, श्वापद म्हणजे जर्मनीचा हुकूमशहा. लढाई सुरू झाली सप्टेंबर एकोणचाळीसमध्ये. त्यात बेचाळीस महिने मिळवा. मार्च त्रेचाळीस. तेव्हा लढाई संपणार.

रॉकेल मिळत नव्हतं, तांदूळ महागला होता, आणि मी त्यांना एक तारीख दिली होती. त्यानंतर लोक मला वाटेत थांबवून विचारू लागले. मालधक्क्यावरचे हमालसुद्धा. मला ते आवडलं — हे लिहायलाच हवं. फार आवडलं.

फेब्रुवारीत पुण्याहून एक वृद्ध उपदेशक आले. दुपारची गाडी पकडायच्या आधी घरी चहाला थांबले. मी माझा हिशेब त्यांना सांगितला नव्हता. ते आपल्या ओघात बोलत होते. चिन्हाचा अर्थ वर्तमानपत्रात शोधायचा नाही, म्हणाले, शास्त्रातच शोधायचा. दानीएल संदेष्ट्याने स्वप्नात श्वापदं पाहिली, तेव्हा ती राज्यं आहेत हे त्याला तिथेच सांगितलं गेलं. प्रकटीकरणातलं पाणी म्हणजे लोकसमुदाय, हेही त्याच पुस्तकात पुढे उलगडलं आहे. मग जिथे श्वापद हे खरं जनावर नाही, तिथे महिना तरी भिंतीवरच्या कॅलेंडरचा कसा? काही जण तिथे एका दिवसाचं एक वर्ष धरतात. "मी तेही छातीठोकपणे सांगणार नाही," ते म्हणाले. "पण अर्धं चिन्ह आणि अर्धं कॅलेंडर, असं मात्र करू नये."

मी तेच केलं होतं. अगदी तेच.

ते गेल्यावर मी कागद घेतला. त्याच पुस्तकात तोच काळ बाराशे साठ दिवसांचा सांगितला आहे, म्हणजे महिना बरोबर तीस दिवसांचा. माझे कॅलेंडरचे बेचाळीस महिने भरत होते बाराशे सत्त्याहत्तर दिवस. सतरा दिवस जास्त. दोन वजनांनी एकच पोतं मोजल्यासारखं. पण सतरा दिवसांचं जाऊ द्या. ते श्वापद म्हणजे हा एक माणूस, हे मला कोणी सांगितलं होतं? शास्त्राने नाही. मीच. माझ्या मार्चला बूडच नव्हतं, हे मला त्या दुपारी कळलं. कळलं — हा शब्द नीट वाचा. संशय आला नव्हता.

मी कागद चुलीत टाकला.

पुढच्या रविवारी उपासना संपली आणि सारूबाई उभ्या राहिल्या. नवरा नाही, एकच मुलगा — शमुवेल, आम्ही शमू म्हणत असू. एकोणीस वर्षांचा, भाताच्या गिरणीत कामाला. बुधवारी खालापूरला फौजेचे भरतीवाले येणार होते, आणि तो जाईन म्हणत होता.

"योहानभाऊ," त्या म्हणाल्या, "माजा भाऊ म्हनतो, नको धाडू. ह्यो म्हनतो, शिकवनीतच वरीस जातं, तवर लढाई सपंल. तुमचा हिसाब खरा आसंल तर मी जाऊ देते. खरा हाय ना?"

सगळे माझ्याकडे बघत होते. हेच लोक जानेवारीतही माझ्याकडे बघत होते, नाही का? त्यांच्यासमोर "चुकलो" म्हणायला किती वेळ लागला असता?

"हो," मी म्हणालो. "हिशेब बरोबर आहे."

एवढंच. मी कोणाला ढकललं नाही, मारलं नाही. एक हो म्हटलं — खोटं आहे हे ठाऊक असताना.

त्यानंतरही सोमवार होता, मंगळवार होता. बुधवारी सकाळी शमू मालधक्क्यावर आला, निरोप घ्यायला. डोक्याला तेल चोपडलेलं, हातात पिशवी.

"काका, मार्चात येतो. येताना तुमच्या श्वापदाचं एक शिंग आनू का?"

पोती उतरवणारा धोंडू म्हणाला, "दोन आन रं. एक मला, म्हशीला लावतो."

"तुज्या म्हशीला कशाला? तुलाच लाव की!"

सगळे हसले. मीही हसलो. मग तो खालापूरच्या रस्त्याला लागला. वळणापर्यंत दिसत होता. मला तोंड होतं, हाक मारता आली असती. मी पोत्यांकडे वळलो.

मार्च त्रेचाळीस आला आणि गेला. कोणी टोमणा मारला नाही — मारला असता तर बरं झालं असतं, असं आज वाटतं. सारूबाईंनी फक्त विचारलं, "भाऊ, कुटं चुकलं आसंल?" इथे तरी मी बोलायला हवं होतं. आणि मी काय केलं? म्हणालो, आरंभ जपानच्या लढाईपासून धरायला हवा होता. डिसेंबर एक्केचाळीस, त्यात बेचाळीस महिने — जून पंचेचाळीस. जागच्या जागी केलेला हिशेब. त्यांनी मान डोलावली आणि जून महिना मनात धरला.

चव्वेचाळीसच्या उन्हाळ्यात तार आली. ब्रह्मदेशाच्या हद्दीवरून. इंग्रजीत होती, म्हणून ती वाचायला त्यांनी माझ्याकडेच आणली. मी वाचली. त्यांना सांगितलं, शमू कामी आला. त्या तारेकडे बघत म्हणाल्या, "पन जून यायला अजून वरीस हाय ना, भाऊ?"

मी तारेची घडी करून त्यांच्या हातात दिली.

आणि मग, ऐका, लढाई पंचेचाळीसच्या ऑगस्टमध्ये संपली. आमच्या ओसरीवरचे लोक म्हणाले, योहानभाऊ दोनच महिन्यांनी चुकले. एवढ्या मोठ्या हिशेबात दोन महिने म्हणजे काय! एकाने तर माझ्या गळ्यात हार घातला. मी तो घालून घेतला. बुडाशी खोटा असलेला आकडा खऱ्याच्या इतक्या जवळ जाऊन पडला, की आता मी खरं सांगितलं तरी विनय समजतील. पण तेही कारण नाही. सांगायचं धैर्य मला तेव्हा नव्हतं, आजही नाही. म्हणून हे लिहितो आहे, सांगत नाही.

पंचेचाळीसपासून आमच्या ख्रिस्ती मंडळीचा खजिनदार मीच आहे. विश्वासू माणूस म्हणून. सारूबाईंना मुलाचं पेन्शन मिळतं, महिना आठ रुपये. पोस्टातून ते घेतलं की त्या घरी जाण्याआधी माझ्याकडे येतात, दशमांश द्यायला. आठ रुपयांचा दहावा भाग बारा आणे नऊ पई आणि वर थोडं. मी सुटे परत द्यायला निघालो की त्या म्हणतात, "र्‍हाऊ द्या भाऊ, देवाचं हाय."

या महिन्यातही त्या आल्या. तेरा आणे दिले. मी हात पुढे केला आणि घेतले.