वहिवाटीचा रकाना

विजयमालाबाईंनी बंबात शेवटची ढलपी सारली आणि "पाणी उकळून चाललंय, आता त्या पेपरातून डोकं काढा," असं तिसऱ्यांदा म्हणाल्या, तोच दाराची कडी वाजली. एवढ्या सकाळी कचेरीच्या शिपायाशिवाय कोण येणार? लालासाहेब थोरातांनी चष्मा कपाळावर चढवला आणि बंडीवरच दार उघडलं.

दारात लाल पटक्याचा एक उंच म्हातारा उभा होता. खांद्यावर घोंगडी, पायांत घोट्यापर्यंत धूळ. त्याच्यामागं त्याची बायको, पदर घट्ट खोवलेली.

"लालासाब थोरात भाऊसाब हितंच ऱ्हात्यात नव्हं?"

"मीच. काय काम?"

"मी हरिबा. माणातला धनगर. ही हरणाबाई, माझी मंडळी. तुमी आमाला वळखत न्हाई. पर आमच्या कागदावर तुमची सई हाय म्हनं."

सही म्हटल्यावर लालासाहेबांनी त्यांना आत घेतलं. एकोणतीस वर्षं त्यांनी महसूल खात्यात काढली होती, ती या सहीच्या जिवावरच. त्यांचं अक्षर मोत्यासारखं. लाच कधी घेतली नाही, आणि त्यांचा एकही कागद वरून शेरा मारून परत आला नाही. जिल्ह्यात कुठंही सरकारी कामाला जमीन घ्यायची झाली की साहेब म्हणत, थोरातांना पाठवा. नोटीस, दवंडी, पंचनामा, हरकती, सगळं कसं कायद्यात बसवून आणतात. घरी येऊन हे सांगताना लालासाहेबांचा चेहरा असा फुलायचा की विजयमालाबाईंना हसू आवरायचं नाही.

हरिबा भिंतीला टेकून बसला. त्याची हकिगत सरळ होती. दिवाळी झाली की दुष्काळी माण तालुक्यातली मेंढरं पश्चिमेला निघायची. कोयनेच्या खोऱ्यात करंजवाडीपाशी नदी ओलांडायला एकच सपाट उतार. पलीकडच्या गावांतले शेतकरी खतासाठी शेतात मेंढरं बसवून घेत आणि बदल्यात धान्य देत. हरिबाचा आजाही त्याच वाटेनं जायचा. यंदा तिथं तारेचं कुंपण होतं. नदीवर विजेचं धरण बांधायचं की नाही हे अजून ठरायचं होतं, पण त्याआधी तिचं पाणी मोजायला हवं म्हणून उतारावर चौकी बसली होती.

"वरच्या अंगाला डोह, खालच्या अंगाला खडकं," हरिबा म्हणाला. "खडकांतनं घातली मेंढरं. अकरा कोकरं ग्येली धारंला. चौकीवाला म्हनला, हितं तुमची वाटच न्हाई. कचेरीत ग्येलो, तर तिथल्या कारकुनानं कागूद वाचून दावला. वहिवाट निरंक. भाऊसाब, निरंक म्हंजी वो काय?"

"निरंक म्हणजे... काही नाही. त्या जागेवर कुणाचा वापर नाही."

"आमी धा पिढ्या काय तरंगत जात हुतो व्हय?" हरणाबाई पहिल्यांदाच बोलली.

लालासाहेब सवयीनं समजावू लागले. रीतसर दवंडी दिली होती, चावडीवर नोटीस लावली होती, तीस दिवसांची मुदत होती. त्या मुदतीत कुणीच आलं नाही.

"कवा लावलीसा नोटीस?"

"श्रावणात. दोन वर्षं झाली."

"श्रावणात!" हरणाबाईनं कपाळावर हात मारला. "आवं, त्या पावसात मेंढरांचं खूर कुजत्यात. तवा आमी माणात असतो, शेंबडं पोर बी सांगंल. पोरगी सासरी ग्येल्याली बघून म्हायेरात तिला इचारायला ग्येल्यागत केलंसा की तुमी!"

"गप गं," हरिबा म्हणाला.

"गप का? एकच इचारते." ती लालासाहेबांकडं वळली. "उताराच्या कडंला आमच्या चुली हायत. काळ्या पडल्याल्या. तुमी जागा बघाय आलतासा, तवा त्या दिसल्या न्हाईत?"

चहा घेऊन आलेल्या विजयमालाबाई उंबऱ्यातच थांबल्या. उत्तर त्यांनाही ऐकायचं होतं.

"दिसल्या," लालासाहेब म्हणाले.

चुली दिसल्या होत्या. मेंढरं कोंडायच्या वाडग्याचं गोल रिंगण आणि त्यातला लेंड्यांचा थरही दिसला होता. त्यांनी पाटलाला विचारलंसुद्धा होतं, हे कुणाचं? पाटील म्हणाला, "धनगरांचं. येत्यात दिवाळीनंतर. त्यांची काय जमीन न्हाई हितं, लिवा निरंक." खरं तर नियमात जमीनवाला आणि वहिवाटवाला दोघांनाही विचारायचं होतं. माणातल्या म्हसवडच्या बाजारात एक दवंडी दिली असती तरी पुरे होतं. त्या रात्री मुक्कामी लालासाहेबांनी तसं पत्र लिहायलाही घेतलं. मग आठवलं, साहेबांना फाइल शनिवारी हवी होती. माणातून उत्तर यायला महिना गेला असता आणि फाइल उशिराचा शेरा घेऊन परत आली असती. आयुष्यातला पहिला शेरा. त्यांनी पत्र फाडलं आणि रकान्यात सुबक अक्षरात निरंक लिहिलं.

पाहुणे चहा पिऊन गेले. जाताना हरिबानं हात जोडले, आणि तेच लालासाहेबांना सोसवलं नाही. त्यानं दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"अहो, तुम्हाला ठाऊक होतं," विजयमालाबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता.

"होतं."

"मग इतकी वर्षं मला सांगत होता, माझा एक कागद चुकला नाही म्हणून?"

"कागद नाहीच चुकला गं," ते म्हणाले, आणि स्वतःच्याच बोलण्यानं ओशाळले. बंबातलं पाणी तसंच राहिलं. त्यांनी कोट चढवला आणि अंघोळ न करताच ते बाहेर पडले. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली होती, पण असं कधी घडलं नव्हतं.

नवे प्रांतसाहेब त्यांच्या मुलाच्या वयाचे होते. त्यांनी फाइल मागवली, शांतपणे वाचली आणि मिटली.

"थोरात, निवाडा होऊन गेला. आता हरकत घेता येत नाही."

"माहीत आहे, साहेब. पण उताराला एक फाटक ठेवा, असा अर्ज तरी धनगरांना करता येईल ना?"

"येईल. पण त्याला वहिवाटीचा पुरावा लागेल. इथं तर तुम्हीच निरंक लिहिलंय. या कागदानं ते लोक तिथं कधी नव्हतेच."

"मी चुलींच्या खुणा पाहिल्या होत्या. वहिवाट असताना निरंक लिहिलं."

प्रांतसाहेबांनी दार बंद आहे ना, ते पाहिलं. "हे मला तोंडी सांगितलंत, मी विसरून जातो. चार महिन्यांनी तुम्ही पेन्शनीत जाणार. लेखी दिलंत तर चौकशी लागेल. खोटा पंचनामा केला, असंच म्हणतील."

"खोटाच केला."

"आणि एवढं करून फाटक मिळेलच, असं नाही."

"तेही समजतंय."

"मग तुम्हाला नेमकं काय हवंय, थोरात?"

लालासाहेबांनी खिशातून पेन काढलं. मिटलेली फाइल पुन्हा उघडली आणि निरंकच्या रकान्यावर बोट ठेवलं.

"साहेब, जुनं लिहिलेलं खोडत नाही. त्याच्याखाली मला एक ओळ लिहू द्या: माणचे धनगर दर साल कार्तिकात या उतारानं जातात, मी त्यांच्या चुली पाहिल्या, त्यांना विचारलं नाही. खाली माझी सही आणि आजची तारीख. एवढंच."