फरशीखालची नाली

दसरा झाला की मी नाली काढायला घेते. पावसाळाभर तिच्याकडे पाहावं लागत नाही, वरून येणारं पाणीच सगळं ओढून नेतं. पाऊस गेला की नालीत फक्त घरचं पाणी उरतं. भांड्यांची राख, भाताची पेज, साबणाचा मळ. आमच्याकडची माती पांढरी. ती नालीच्या तळाशी बसते आणि ओली असेपर्यंत फावड्याने सहज निघते. थंडी पडेपर्यंत राहू दिली तर तिचा दगड होतो, मग लोखंडी सब्बल मारली तरी हलत नाही.

यंदा मला आमच्या अंगणाच्या टोकापर्यंतच काढता आली. पुढे नाली शेजारच्या काकूंच्या दारासमोरून जाते. उन्हाळ्यात त्यांनी तिच्यावर फरश्या टाकल्या आणि वर तुळस ठेवली. फरश्या टाकल्या तेव्हा माझा नवरा त्यांच्या नवऱ्याशी भांडला होता. तेव्हापासून दोघं बोलत नाहीत. मी त्या भांडणात एक शब्द बोलले नाही. मला चारचौघांत बोलता येत नाही. गल्लीत बाया बसल्या असल्या तर मी सूप घेऊन आत जाते.

पावसाचा जोर गेला तसं पाणी फरशीखाली अडलं. आधी अंगणात थांबायचं, मग न्हाणीत उलटं येऊ लागलं. न्हाणीला लागून मागची खोली आहे. तिची भिंत हातभर उंचीपर्यंत काळी पडली. पोतं टाकलं तर सकाळी पोतं ओलं.

त्या खोलीत माझी पोरगी बाळंतपणाला येणार होती. मागच्या वर्षी तिचं सासरी पाच महिन्यांचं गेलं. तिथे तिला बस म्हणणारं कोणी नाही, ती पाणी भरतच होती. या खेपेला तिने फोनवर एवढंच म्हटलं होतं, "आई, दिवाळी झाली का मी येतो. मागची खोली मले दे." मी हो म्हटलं होतं.

नवऱ्याला सांगितलं, जरा काकूंच्या घरी बोला. तो म्हणाला, "मी त्याच्या दारात पाय ठेवत नाई. तूच बोल. तुले काय तोंड नाई काय?"

मी कढीपत्ता तोडून पदरात घेतला आणि गेले. काकू दारात तांदूळ निवडत होत्या. बस म्हणाल्या, बसले. नालीचा विषय कसा काढावा ते मनात जुळवत होते, तेवढ्यात त्यांनीच विचारलं, "पोरगी कधी येऊन राह्यली वं?"

मला बरं वाटलं. म्हटलं, "दिवाळी झाली का येते."

त्यांचा हात तांदळातच थांबला. "मंग तिचं पाणी कुठी काढशीन?"

"कोणतं पाणी?"

"बाळंतिणीचं. आंघोळीचं. माह्या दारावरून नेऊ नको बाई. तुळस आहे तिथी. राग नको मानू."

मी राग मानला नाही. पूर्वी आमच्याकडे बाळंतिणीच्या आंघोळीसाठी घरामागे वेगळा खड्डा खणत, ते पाणी कोणाच्या दारावरून जात नसे. माझ्या आईने माझ्यासाठी खणला होता. आता घरामागे जागा कुठे असते? मी कढीपत्ता त्यांच्या सुपात ठेवला आणि घरी आले. नालीची गोष्ट निघालीच नाही.

दुसऱ्या दिवशी न्हाणीमागच्या चिंचोळ्या जागेत मीच खड्डा खणायला लागले. गुडघ्याएवढं खणलं आणि सब्बल खणकन वाजली. खाली पांढरा दगड. बाजूला खणलं, तिथेही तोच. पाहावं म्हणून दोन बादल्या पाणी ओतलं. ते जिरलं नाही. तसंच राहिलं आणि त्यात डासांच्या अळ्या वळवळू लागल्या, तेव्हा माती लोटून मी तो बुजवला. नवरा म्हणाला, "झाली तुयी विहीर?" मी भाकरी थापत राहिले.

मग पोरीचा फोन आला. सासू म्हणते, इथेच होऊ दे, कशाला जायचं. पोरगी म्हणाली, "तुले जमत नसन तं सांग आई. मी राहतो इथीच." तिने हे अगदी सावकाश म्हटलं. मी फोन ठेवला आणि डोक्यावर पदर घेऊन तशीच काकूंकडे गेले. हात राखेचे होते, तेही धुतले नाहीत.

"काकू, एक फरशी उचलू द्या. माह्या घरात पाणी भरून राह्यलं."

त्या काही बोलायच्या आत मी म्हणून टाकलं, "बाळंतिणीचं पाणी नालीत नाई सोडत. मी बादलीनं गावाबाहेर नाल्यावर नेऊन टाकीन. घरचं तेवढं जाऊ द्या."

"सव्वा महिना?"

"सव्वा महिना."

"येडी झाली काय वं? गुडघे पाह्य आपले. नाला काय इथी आहे? पानठेल्यावरून जा लागते."

मी उभीच राहिले. काकूंनी तुळशीची कुंडी दोन्ही हातांनी उचलून उंबऱ्याशी ठेवली. "कडेची उचल. मधली फुटन."

फरशीखाली माती घट्ट व्हायला लागली होती. मी आडवी पडून खांद्यापर्यंत हात घातला. काकू नाकाला पदर लावून उभ्या होत्या. "अजून आत, अजून आत" म्हणत होत्या. मातीचा गोळा सुटला आणि आमच्या अंगणातलं काळं पाणी एकदम आलं, माझ्या तोंडावर उडालं. काकू हसल्या. मग त्यांनीच तांब्याभर पाणी आणून माझ्या हातावर घातलं.

खोलीत मी रोज घमेल्यात निखारे ठेवले. भिंत पूर्ण सुकली नाही, पण जमीन सुकली. पोरगी गडचांदूरच्या बसने आली. पोट खाली उतरलेलं, पाय सुजलेले.

त्याच संध्याकाळी काकू तिला पाहायला आल्या. सोबत रव्याचे लाडू. तिच्या जवळ बसल्या, पाय मांडीवर घेऊन चोळले, आता उचलाउचल नको करू म्हणून दटावलं. पोरगी हसत होती. मी काकूंना दारापर्यंत सोडायला गेले तर त्या हळूच म्हणाल्या, "बादली झाकून नेत जाशीन हं."

मी मान डोलावली.

आत आले तर पोरगी म्हणाली, "काकू चांगल्या आहेत वं. काय म्हणत होत्या?"

"काही नाई. तुले आराम करू दे म्हणे."

बादलीचं तिला मी अजून सांगितलेलं नाही. कळलं तर ती उद्याच्या बसने परत जाईल. पानठेल्यावर सकाळी माणसं असतात. त्यांच्यासमोरून झाकलेली बादली घेऊन रोज जायचं आहे, आणि कोणी विचारलं तर काय सांगायचं ते मला अजून सुचलेलं नाही.