कारणाचा रकाना

"आवाज खाली कर, दादा. ऑफिस आहे हे."

"ऑफिस दिसतंय मला! तुला भाऊ दिसतोय का?"

"दादा, बस आधी."

"बसायला नाही आलो. हे बिल बघ. पाऊण इंची पाईप. गेल्या महिन्यापर्यंत एकशे अठरा, आज एकशे त्रेचाळीस. एका महिन्यात काय झालं? पाईपला सोन्याचा मुलामा दिला?"

"नवीन सिस्टीम आलीये."

"आणि ती चालवतं कोण? शेजारीण?"

दरताईंनी काचेबाहेर पाहिलं. खाली गोदामात फोर्कलिफ्टचं इंजिन बंद झालं होतं. म्हणजे फोर्कलिफ्टवाला कान देऊन उभा होता. काचेच्या खोलीचं एवढंच सुख, की सगळ्यांना सगळं दिसतं. ऐकू येत नाही असं मात्र उगाच वाटतं.

दरताई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण नळ-पाईपांच्या त्या ठोक दुकानात बावीस वर्षं गिऱ्हाइकांचे दर सांभाळता सांभाळता खरं नाव फक्त पगाराच्या चिठ्ठीवर उरलं. त्यांना माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत, दर राहत. एका लग्नात कुणा गृहस्थाने हसत विचारलं, "ओळखलंत का?" तर या म्हणाल्या, "पाईपच्या एल्बोवर सात टक्के कमी. बरोबर?" गृहस्थ भलतेच खूश झाले. दरताईंच्या नवऱ्याने कपाळाला हात लावला.

काम दिसायला सोपं होतं, पण त्यात मेख होती. सगळ्यांना एकच भाव लावून धंदा होत नाही. कधी कारखाना एखाद्याच गिऱ्हाइकापुरता माल स्वस्त देतो, कधी मालक आपल्या नफ्यातून सोडतो. मग त्या गिऱ्हाइकापुरता खरेदीभाव वेगळा मांडायचा, म्हणजे त्यावर चढणारा विक्रीभाव आपोआप खाली येतो. ऑफिसात याला 'खास भाव' म्हणत. असे अकराशे चाळीस खास भाव दरताईंच्या वहीत आणि डोक्यात होते. नवं सॉफ्टवेअर आलं तेव्हा ते सगळे एकेक करून त्यात भरायचं काम अर्थातच त्यांच्या गळ्यात पडलं.

या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक खास भावापुढे एक रकाना होता, कारणाचा. त्यात आपल्या मनाचं काही लिहिता येत नसे. चारच कारणं तयार होती, त्यातलं एक निवडायचं: कारखान्याचं पत्र, मोठी खरेदी, टेंडर, स्पर्धक. पहिल्या तिन्हींना कागद जोडावा लागे. स्पर्धक म्हणजे दुसरा व्यापारी कमी भाव देतोय म्हणून आपणही दिला. त्याला कागद नको, भरणाऱ्याचा शब्द पुरे. आणि भरणाऱ्याचं नाव गिऱ्हाइकाच्या नावाला खेटून दर सोमवारी मालकीणबाईंच्या टेबलावर छापून जाई.

दादाच्या खास भावाला कागद नव्हता. ज्या वर्षी नदीचं पाणी गोदामात शिरलं, त्या वर्षी दादाने आपल्या नळजोडणीच्या चिमुकल्या दुकानाला कुलूप लावलं आणि तीन दिवस कंबरभर पाण्यात उभा राहून थोरल्या मालकांची खोकी बाहेर काढली. चौथ्या दिवशी मालक म्हणाले, "आजपासून तुला घरच्या भावाने माल. मी असेन तोवर, आणि माझ्यामागेही. आणखी काय देऊ?" डबा घेऊन आलेल्या बहिणीकडे बोट दाखवत दादा म्हणाला, "बहीण घरी बसून आहे. आकडे तोंडपाठ असतात तिला." पुढच्या आठवड्यात दरताईंना सही-शिक्क्यानिशी नेमणुकीचं पत्र मिळालं. दादाने पत्र मागितलं नाही. शब्द देणाऱ्याकडे कागद मागायचा म्हणजे त्याच्या तोंडावर अविश्वास दाखवायचा, असं त्याला वाटलं.

थोरले मालक जाऊन दोन वर्षं झाली होती. दादाच्या दुकानाची नोंद आली तेव्हा दरताईंचा हात थांबला. आपल्याच भावाचं प्रकरण, चोरून नको, म्हणून त्या उठून सरळ मालकीणबाईंकडे गेल्या. थोरल्या मालकांची ही मुलगी, वागायला अगदी मऊ.

"पत्र आहे?" बाईंनी विचारलं.

"शब्द होता. तुमच्या बाबांचा."

"तेव्हा तिथे कोण होतं?"

"मी होते ना."

"म्हणजे बाबांनी तुमच्या भावाला शब्द दिला, आणि साक्षीदार तुम्ही." बाई हसल्या, पण वाईट हसल्या नाहीत. "ताई, तुमच्यावर माझा संशय नाही हो. पण उद्या आणखी कुणी असाच शब्द घेऊन आलं तर मी काय करू? राहू द्या. सगळ्यांना जो भाव, तोच त्यांना."

एवढं होऊनही दरताईंनी दादाला सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू. आणखी एकदा बाईंना गाठू, मग सांगू. अशात एका संध्याकाळी दादाचा फोन आला. आवाज नुसता उड्या मारत होता. "चिमणे, लागली गं लॉटरी! वसतिगृहाचं काम मिळालं, शहाण्णव न्हाणीघरं! दर बांधून सही ठोकून आलो." दादाने तो दर जुन्या भावावर बांधला होता. त्या काय बोलल्या? "अभिनंदन, दादा," म्हणाल्या. नंतर बराच वेळ हातातला फोन त्यांनी खाली ठेवला नाही.

आता तोच दादा समोर उभा होता, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला.

"कधी विचारलंस बाईंना?"

"महिना झाला."

"महिना! माझी सही तीन आठवड्यांपूर्वीची. म्हणजे मी फोन केला तेव्हा तुला माहीत होतं?"

"होतं."

"आणि अभिनंदन केलंस माझं?"

"दादा, सही मागे नाही घेता येणार?"

"पोरखेळ आहे? अनामत भरलीये. या भावाने माल उचलला तर दुकान विकून नळ बसवावे लागतील. नाही उचलला तर अनामत गेली, नाव गेलं, मग दुकान ठेवून तरी काय करू? इकडे आड, तिकडे विहीर. आणि ढकलणारी कोण, तर माझीच बहीण." त्याने टेबलावरचा कीबोर्ड त्यांच्याकडे सरकवला. "भर. आत्ता भर, माझ्यासमोर."

"सोमवारी यादी जाते. त्यात माझं नाव आणि तुझं नाव शेजारी शेजारी दिसेल. नोकरी जाईल माझी."

"नोकरी जाईल."

"आणि तुझा भावही त्याच दिवशी पुसतील. नोकरी देऊन भाव राहणार असता तर दिली असती रे."

हे खरं होतं का? दरताईंनाच ठाऊक नव्हतं.  दादा खुर्ची ओढून पहिल्यांदाच बसला आणि अगदी हळू, लहान मुलीशी बोलावं तसं म्हणाला, "चिमणे, एक सांग. अकराशे चाळिसात कागद नसलेला मी एकटाच होतो?"

हो म्हणायला काय जात होतं? त्याला काही ते पडताळता आलं नसतं. पण आकड्यात खोटं बोलायची जिभेला सवय नव्हती.

"नाही. आणखी तिघं होते."

"त्यांना बंद केलंस?"

"स्पर्धक लिहिलं."

"बाईंना विचारून?"

"नाही. आपलं आपणच. जुनी गिऱ्हाइकं होती, एका नोंदीला अर्धं मिनिट लागतं."

"मग मलाच काय धाड भरली होती? माझंच का विचारलंस?"

"तू भाऊ आहेस म्हणून."

दादाने मान हलवली. खूप दिवस हरवलेला हिशेब कुणीतरी जुळवून दाखवावा, तशी. त्याने बिलाची घडी घातली, तिची पुन्हा घडी घातली, आणि खिशात न ठेवता मुठीतच धरली. गुडघ्यावर हात टेकून उठला.

"दादा, रागाने काहीतरी बोल. नुसता जाऊ नकोस."

त्याने दार ओढलं.

"वहिनीला सांगितलंयस का? दादा? मी येऊ का घरी?"

लोखंडी जिन्यावर त्याची पावलं वाजली. फोर्कलिफ्टवाला वाटेतून बाजूला झाला. दादा पाईपांच्या रांगेमधून, एकदाही वर न बघता, बाहेर चालत गेला.